केंद्रावर पाणी आणू नये

त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं, तुमचा भरवसा कशावर आहे, तर तोंडानं मी प्रभूचं नाव घेतलं असतं आणि मनात मात्र लॅक्टोमीटरचं. दुधात सोडायची ती काचेची नळी सतरा वर्षं माझ्या हातात होती. तेलगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या सहकारी दूध संस्थेच्या केंद्रावर मी दूध तपासायला होतो. बायामाणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची, मी नळी सोडायचो, डिग्री बघायचो आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचो. दुधात घातलेलं पाणी माझ्या नजरेतून सुटत नाही असं लोक म्हणायचे आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

लोकांनी दारापर्यंत येऊन किटलीत पाणी ओतू नये म्हणून मी स्वतः रंगवलेली एक पाटी केंद्रावर लावली होती, 'केंद्रावर पाणी आणू नये'. प्यायच्या पाण्याचा तांब्यासुद्धा मी आत येऊ देत नसे. एकदा संस्थेचे चेअरमन खांद्याला थर्मास अडकवून आले, तर त्यांनाही मी दारात थांबवलं. ते हसले, पण थर्मास बाहेरच राहिला. पुढं कितीतरी दिवस ती गोष्ट मी घरी रंगवून सांगत असे आणि माझी पत्नी सुशीला भाकरी थापता थापता 'हं, हं' करत असे.

आम्ही ल्यूथरन ख्रिस्ती. गावात आमची पाचच घरं आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याचं छोटं चर्च. पाळकसाहेबांकडं अशी सात-आठ गावं असल्यामुळं ते महिन्यातून एका रविवारी एसटीनं येत. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी असे. बाकीच्या रविवारी मी शास्त्रपाठ वाचायचो, गाणी सुरू करायचो आणि मुलांकडून विश्वासाचे पाठ म्हणून घ्यायचो. आमच्याकडं बाप्तिस्मा तान्हेपणीच देतात. देव माणसाला जवळ करतो ते केवळ कृपेनं, त्यात आपली कमाई काही नसते, आणि तान्ह्या बाळाइतकं रिकाम्या हातानं दुसरं कोण येणार, असं आमचं मानणं. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणताना त्या भाकरीत पाऊसपाणी आणि चांगला शेजारीसुद्धा येतो, हेही मी मुलांना शिकवायचो. मुलं अडखळली की मी डोळे वटारायचो. आज कबूल करतो, कृपा हा शब्द मला पाठ होता, पण देवही माझ्यासारखाच नळी सोडून बसला असेल आणि माझी डिग्री मात्र बरोबर बसत असेल, अशी माझी आतून खात्री होती.

त्या साली लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला. विहिरींचे तळ दिसायला लागले, अर्धं गाव ऊसतोडीला गेलं ते परत यायचं नाव घेईना, आणि माळावर जनावरांची छावणी उघडली. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि त्याचं पाणी लालसर असायचं. केंद्रावर दूधही कमी झालं, पण माझा रुबाब काही कमी झाला नाही.

गयाबाई म्हणजे गावातल्या एका शेतकरी घरची विधवा बाई, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरात ती आणि चंद्री नावाची एक गाय. त्या गाईच्या दुधावर तिची चूल चालायची. तिचं दूध लागोपाठ तीन दिवस पातळ लागलं. पहिले दोन दिवस मी नुसतं परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी भरल्या रांगेत म्हणालो, "गयाबाई, टँकरचं पाणी थोडं प्यायलाही ठेवत जा." रांग हसली. गयाबाईनं किटलीचं झाकण लावलं आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "भाऊ, प्यायलाच पानी न्हाई, दुधात कुठून घालू?" मी पुढची किटली ओढली. त्या दिवसापासून ती केंद्रावर यायची बंद झाली. रस्त्यात दिसली तर पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायची. त्याच आठवड्यात प्रभुभोजनाचा रविवार होता. पापांची कबुली सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं म्हटली आणि भाकर घ्यायला गुडघे टेकले. गयाबाईचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

त्याच सुमारास आमची मुलगी रूथ पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई पुण्याला कारखान्यात. आठव्या महिन्यातच तिला मुलगी झाली. बाळ इतकं लहान होतं की सुशीलानं त्याला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. दहा-बारा दिवसांनी पाळकसाहेबांची फेरी आली. बाळाकडं बघून ते म्हणाले, "आजच बाप्तिस्मा देऊ. उगाच थांबायचं कशाला?"

मी नको म्हणालो. कारण ऐकून तुम्हाला हसू येईल किंवा राग येईल. टँकरचं लाल पाणी त्या पितळी बाप्तिस्म्याच्या भांड्यात ओतायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. माझ्या पहिल्या नातीचा बाप्तिस्मा, तो काय असल्या गढूळ पाण्यात? शिवाय पाहुणे बोलवायचे तर त्यांना हात धुवायलाही पाणी नाही. "पाऊस पडू द्या, आमच्या विहिरीला पाणी येऊ द्या, स्वच्छ पाण्यात करू," मी म्हणालो. पाळकसाहेब म्हणाले, "पाण्याची पारख करायची सवय तुम्हाला. पण बाप्तिस्म्याला पाणी लागतं, तुमच्या पसंतीचं पाणी लागत नाही." रूथ खाली मान घालून बसली होती. तिच्या मनात तो त्याच दिवशी व्हावा असं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी माझाच हेका चालवला. संध्याकाळच्या एसटीनं पाळकसाहेब गेले.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. सकाळी केंद्र उघडून मी दूध घ्यायला सुरुवात केली होती, तेवढ्यात सुशीला आणि रूथ जवळजवळ पळतच आल्या. बाळ पहाटेपासून अंगावर प्यायलं नव्हतं आणि आता त्याचा श्वास तुटत होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर दुधाची गाडी हे एकच वाहन होतं आणि ती यायला अजून अर्धा तास होता. त्या काळी हातात फोन नव्हते. रूथ बाकावर बसली. बाळाचे ओठ जांभळे पडले होते. छाती हलायची, मग थांबायची, आणि ती पुन्हा हलेपर्यंत आम्ही सगळे श्वास धरून बघत राहायचो.

सुशीला माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, तुम्हीच द्या आता."

काय द्या ते मला कळलं. आमच्यात मोठेपणी बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा विधी असतो, दृढीकरण. त्याच्या वर्गात प्रत्येकाला शिकवलेलं असतं, की बाळ धोक्यात असेल आणि पाळक मिळण्यासारखा नसेल तर कुणीही बाप्तिस्मा झालेल्या माणसानं तो द्यावा. पाणी घ्यावं, नाव घ्यावं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं ते तीनदा डोक्यावर ओतावं. मी स्वतः कितीतरी मुलांकडून हे घोकून घेतलं होतं. मी उठलो आणि कॅन धुवायच्या पिंपाकडं गेलो. पिंप कोरडं होतं. टँकर दोन दिवस चुकला होता आणि उरलंसुरलं पाणी मीच सकाळी कॅन विसळायला वापरलं होतं.

मग मी रांगेकडं वळलो. "कुणाकडं पाणी आहे का? घोटभर चालेल." वीस-बावीस माणसं उभी होती. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी एका म्हातारीनं वर बोट दाखवलं, "तुमीच तर पाटी लावलीया, भाऊ. हितं पानी कोन आननार?"

मी त्या पाटीकडं बघत राहिलो. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. माझ्या डाव्या हाताला दुधानं भरलेले चार कॅन, समोर भरलेल्या किटल्या, आणि साऱ्या केंद्रात पाण्याचा थेंब नाही. तो मीच शिल्लक ठेवला नव्हता. जवळचं घर पाच-सात मिनिटांच्या वाटेवर होतं, आणि दुष्काळात तिथंही पाणी असेलच असं नव्हतं. दोघी-तिघी किटल्या ठेवून तिकडं पळाल्या. सुशीलानं एकदा दुधाच्या कॅनकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी मान हलवली. दूध चालत नाही, पाणीच लागतं, हेही मीच शिकवलेलं होतं. पाच-सहा दिवसांपूर्वीच पाळकसाहेब आपल्या हातानं द्यायला तयार होते. तेव्हा मला पाणी गढूळ वाटलं होतं. मी खाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाठ नसलेली प्रार्थना केली. "प्रभू, माझ्याकडं काही नाही," एवढंच मला म्हणता आलं.

मी वर बघितलं तेव्हा दारात गयाबाई उभी होती.

ओढ्याच्या वाळूत तिनं झिरा खणला होता. रोज पहाटे जाऊन ती वाटीवाटीनं कळशी भरायची आणि केंद्रावरून घरी जायची. आमच्या केंद्राकडं ती एरवी मान वळवूनही बघत नसे, पण त्या दिवशी रूथचं रडणं ऐकून थांबली. डोक्यावर भरलेली कळशी. पाय उंबऱ्याबाहेरच ठेवून तिनं विचारलं, "भाऊ, पानी आत आनू का?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पाटी होती म्हणून विचारलं. मी नुसते हात जोडले. ती आत आली, कळशी माझ्यासमोर उतरवली आणि म्हणाली, "घ्या. कावून थांबलात? घाला हात." आमच्या वस्तीतल्या माणसांना तिच्या सासूच्या काळापर्यंत वरून पाणी वाढत असत. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तिच्या कळशीत ओंजळ बुडवली. वाळूतून आलेलं ते पाणी थंडगार होतं.

रूथनं टोपडं मागं सरकवलं. नाव तिनं आधीच ठरवलेलं होतं, एस्तेर. "एस्तेर, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो," असं म्हणत मी तीनदा पाणी ओतलं. अर्धं पाणी रूथच्या मांडीवर सांडलं. तिसऱ्या वेळी बाळानं अंग आखडून घेतलं, तोंड उघडलं आणि ते रडलं. जन्मल्यापासून त्याचा इतका मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता. रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. गयाबाई म्हणाली, "रडू द्या तिला, लई रडू द्या."

गाडी आली. ड्रायव्हरनं एकही कॅन न चढवता आम्हाला पुढं बसवलं. गयाबाई उरलेलं पाणी घेऊन आमच्या शेजारी चढली आणि वाटभर ओलं फडकं रूथच्या कपाळावर ठेवत राहिली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अंगावर एकदम गार पाणी पडलं की असं कमकुवत बाळ कधी कधी जोरानं श्वास घेतं. मी हो म्हणालो. त्यांच्याशी मला वाद घालायचा नव्हता आणि आजही कुणाशी घालायचा नाही. पाणी त्या वेळेला त्या दारात आलं, एवढं मी सांगू शकतो. एस्तेर महिनाभर दवाखान्यात होती आणि मग घरी आली.

पण माझ्या जिवाला चैन नव्हतं. पाळकसाहेब आले तसे मी त्यांना चर्चमध्ये एकटं गाठलं आणि सगळं सांगितलं. पाटी, गयाबाई, भरल्या रांगेतली ती थट्टा. मग जे आत टोचत होतं ते विचारलं. "साहेब, ज्या हातानं मी त्या बाईची भाकर हिसकावली, त्याच हातानं बाप्तिस्मा दिला. तो धरला जाईल का? की तुम्ही पुन्हा द्याल?"

ते म्हणाले, "पुन्हा कशाला? देवानं तिला एकदा आपलं म्हटलंय, आता दुसऱ्यांदा काय विचारायचं? मी फक्त मंडळीत जाहीर करीन. आणि हातांचं म्हणाल तर माझे तरी हात कुठं धुतलेले आहेत? देणारा तो आहे. तुमचे हात नुसते मधे होते." मग त्यांनी मला गुडघ्यावर बसायला सांगितलं, डोक्यावर हात ठेवला आणि प्रभूच्या नावानं पापक्षमा सांगितली. तेच शब्द मी लहानपणापासून दर महिन्याला ऐकत होतो. त्या दिवशी ते मला लागले आणि मी लहान मुलासारखा रडलो. उठताना ते म्हणाले, "आता गयाबाईकडं जा."

मी छावणीवर गेलो; गयाबाईनं गाय आता तिथंच बांधली होती. चंद्रीच्या बरगड्या मोजता येत होत्या. पुढ्यात नुसती उसाची वाढी, पेंडीचा पत्ता नाही. गयाबाईनं माझ्यादेखत धार काढली. मी तिथंच नळी सोडली आणि डिग्री बघितली. तीच, केंद्रावर लागायची तेवढीच पातळ. पाण्याचा थेंब न घालता. उपाशी गाईचं दूध पातळ होतं हे मला सतरा वर्षांत कधीच कळलं नव्हतं असं नाही. मी त्याकडं बघितलं नव्हतं. "गयाबाई, तुम्ही खरं बोलत होतात," मी म्हणालो. ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मला ठाव हाय की. तुमाला कळायचं ऱ्हायलं होतं." दुसऱ्या दिवशी भरल्या रांगेत, जिथं थट्टा केली होती तिथंच, मी तिची माफी मागितली. पुढं चेअरमनकडं खेटे घालून छावणीतल्या गाईंसाठी संस्थेकडून पेंड मिळवली आणि ती मिळेपर्यंत असलं दूधही घ्यायची परवानगी काढली. त्यात माझा मोठेपणा काही नाही. क्षमा मिळालेल्या माणसाला हात बांधून बसवत नाही, एवढंच. गयाबाई पुन्हा केंद्रावर यायला लागली. पहिल्या दिवशी किटली पुढं करताना म्हणाली, "नीट बघा बरं, भाऊ. आज घातलं आसंल." मी हसलो आणि नळी खिशातच ठेवली.

पाटी मी त्याच आठवड्यात काढली. तिच्या जागी रांजण ठेवला. टँकरचं पाणी त्यात गाळून भरायचो, लाल तर लाल.

आता मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रोज सकाळी तोंडावर पाण्याची ओंजळ मारताना मला माझा बाप्तिस्मा आठवतो आणि एस्तेरचाही. आमच्यात तसं शिकवतातच, की तो रोज नव्यानं आठवायचा असतो, पण पूर्वी मी ते फक्त शिकवत असे. कधी जुना रुबाब डोकं वर काढतो. मग मी ओंजळीतलं पाणी पुरतं ओघळून जाईपर्यंत हात तसेच धरून उभा राहतो, ते रिकामे होईपर्यंत. सुशीला म्हणते, पाणी वाया घालवू नका.

एस्तेरचं दृढीकरण झालं त्या रविवारी गयाबाई आली होती. खूप थकली होती. मागच्या बाकावर बसवत होतो, तर म्हणाली, "मागून दिसंल का मला?" म्हणून पहिल्या बाकावर बसवलं. पांढऱ्या साडीतली, उंच झालेली एस्तेर पाळकसाहेबांसमोर उभी राहिली. त्यांनी विचारलं, "तुझा बाप्तिस्मा झाला आहे का?" तिनं हो म्हटलं. गयाबाई माझ्याकडं वाकली आणि तिला वाटलं तेवढ्या हळू आवाजात, पण सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ, आपलं ते पानी आजून हाय का हो तिच्या अंगावर?"

कुणी हसलं नाही. एस्तेर मागं वळली, खाली आली, आणि गयाबाईचा सुरकुतलेला हात उचलून तिनं आपल्या डोक्यावर ठेवला.

"हाय, आजी," ती म्हणाली. "बघ की."